हात धुऊन मागे

४ फेब्रुवारी

मावशी,

वाकून नमस्कार करायला तू समोर नाहीस, म्हणून खुर्चीत बसूनच करते. चालवून घे.

तू मागच्या पत्रात विचारलंस, साबणाच्या कंपनीत बसून तू लिहितेस तरी काय, साबणावर लिहिण्यासारखं असतं तरी काय? अगं, साबणावर आता कुणी लिहीतच नाही. वास छान येतो, मळ जातो, एवढं सांगितलं की संपलं. म्हणून आम्ही जगाचं भलं करतो! दर महिन्याला एक दुःख नेमलेलं असतं. डिसेंबरात भटकी कुत्री होती, जानेवारीत समुद्रातलं प्लास्टिक. वर्षाच्या सुरुवातीलाच मॅडम भिंतीवर तक्ता लावून मोकळ्या होतात. मी फोनवर झळकणाऱ्या पोस्टचा मजकूर लिहायचा, चित्रवाल्याने चित्र करायचं, आणि खाली लोक जे काही लिहितील त्याला मी कंपनीच्या तोंडाने गोड गोड उत्तरं द्यायची. कंपनीचं तोंड म्हणजे कायम 'आम्ही'. 'मी' म्हणायची सक्त मनाई आहे. 'मारहाण' म्हणायचीही मनाई, कारण तो शब्द असला की पोस्ट कमी लोकांना दिसते. त्याऐवजी आम्ही 'अबोल जखमा' म्हणतो.

तर या महिन्याचं दुःख म्हणजे बायकांवर हात उगारणारे नवरे. आणि घोषवाक्य तुझ्या भाचीचं! 'हात धुऊन मागे लागू या.' साबणही आला आणि जुलमाच्या मागे लागणंही आलं. मॅडमनी टेबलावर थाप मारली. एवढ्या दिवसांत त्या पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या.

आता खरी बातमी. त्यांना एक सच्ची गोष्ट हवी होती. मी तुझं पिल्लू दिलं.

आठवतं ना? आई गेल्यावर मी तुझ्या खोलीवर राहायला आले होते. साबण झिजून पापडी झाली की तू ती ओली करून नव्या साबणाच्या पाठीवर दाबून बसवायचीस आणि म्हणायचीस, "बसलं गं पिल्लू पाठीवर." तूच हसत सांगितलं होतंस की नवऱ्याच्या त्या घरात यावरून महाभारत व्हायचं. मी तेवढंच लिहिलं. 'एक ताई साबणाच्या पाठीवर पिल्लू बसवायची. त्यासाठी तिने अबोल जखमा सोसल्या.' नाव नाही, गाव नाही, काही नाही. मावशी, लाखो लोकांनी पाहिलं! बायका आपापल्या मोरीतल्या साबणांचे फोटो टाकतायत, प्रत्येकाच्या पाठीवर पिल्लू. तू फोन ठेवत नाहीस म्हणून, नाहीतर तुला दाखवलं असतं. तुझ्या नकळत तू प्रसिद्ध झालीस.

तुझी बडबडी

११ फेब्रुवारी

बडबडे,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहायला नकोत.

जानेवारीची एकतीस तारीख उलटली की समुद्रातलं प्लास्टिक आपोआप संपतं का गं? आणि कुत्र्यांना कुणी सांगितलं का, तुमचा महिना झाला, आता निघा म्हणून? असं चांगलं लांबलचक लिहिणार होते मी तुला. चष्मेवाल्यांना तुझं घोषवाक्य वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "भाची नाव काढणार तुमचं." दुकान रिकामं होतं, आम्ही दोघं खूप हसलो. मग मी पुढचं पान वाचलं.

ते पिल्लू काढून टाक.

रागावून लिहीत नाहीये, नीट ऐक. साबणाची पापडी चिकटवणाऱ्या बायका घरोघरी असतील. तिला पिल्लू म्हणणारी मी एकटी, आणि ते ऐकणारा तो एकटा. तुझ्या आईलासुद्धा मी हे सांगितलं नव्हतं. तुला सांगितलं कारण तू आईवाचून रडत होतीस आणि मला तुला हसवायचं होतं. त्यातलंही हसण्यापुरतं तेवढंच सांगितलं.

मी फोन ठेवत नाही ती माझी हौस नाही, बाळा. मागच्या गावी मी फोन घेतला होता. कुणाकडून कुणाकडे नंबर गेला देव जाणे, एक दिवस कामावरून आले तर तो जिन्यात उभा. हातात फळांची पिशवी. शेजारच्या आजीबाईंनी त्याला पाणीसुद्धा दिलं होतं. तुम्हाला वाटतं असे नवरे आरडाओरडा करतात. हा कधीच ओरडला नाही. याचा आवाज खाली खाली जायचा. जितका खाली गेला, तितकं मला कळायचं की आज आपलं काही खरं नाही.

म्हणून तर मी पत्रं दुकानाच्या पत्त्यावर मागवते आणि दुकानात मागच्या खोलीत बसून चष्म्याच्या काचा घासते. इथे मला चार वर्षं झोप लागते आहे. तुझी पोस्ट काढ आणि काढलीस की मला दोन ओळी लिही.

मावशी

१८ फेब्रुवारी

मावशी,

तुझं पत्र वाचलं. लगेच मॅडमकडे गेले. म्हटलं, त्या ताईंची इच्छा नाही, काढू या. मॅडम म्हणाल्या, "आता ते त्यांचं राहिलं नाही, लोकांचं झालं." आणि काढून तरी काय होणार? इतक्या जणांनी ते आपापल्या पानावर उचलून नेलंय. आमचं काढलं तरी त्यांचं राहणारच. उलट काढलं तर लोक विचारतील, का काढलं. कंपनीवर शंका येईल. मला त्यांचं पटलं, म्हणजे पटावंच लागलं.

पण तू उगाच घाबरतेस असंही वाटतं. लाखो लोकांत एक माणूस, तोही आता म्हातारा होत चाललेला. तो कशाला साबणाच्या पोस्ट बघत बसेल? आणि किती छान लिहितात गं लोक! एका बाईने लिहिलं, पिल्लू वाचून मी आज माहेरी निघून आले. कुणी कविता केल्या. एकाने नुसतं एक पिवळं फूल टाकून विचारलं, 'आता किती पिल्लं झाली?' मला इतकं गोड वाटलं ते!

तुझ्यापासून काही लपवायचं नाही म्हणून सांगते. त्या फुलवाल्याला उत्तर देताना माझी एक गंमत झाली. आनंदाच्या भरात 'आम्ही' सोडून मी लिहून बसले, 'माझ्या मावशीला विचारून सांगते!' मॅडमनी पाहिलं आणि केबिनमधून धावत आल्या. कंपनीला मावशी नसते, म्हणाल्या. लगेच पुसलं. जेमतेम चहा पिऊन होईल इतका वेळ ते दिसत होतं. तेवढ्यात कोण बघणार?

एक विचारू? रागावू नकोस. मॅडम म्हणतात, त्या ताईंनी कॅमेऱ्यासमोर यावं. पाठमोरी. आवाज बदलून. तुझ्यासारख्या कितीजणींना धीर येईल. तू चार वर्षं लपून राहिलीस, आता लपायचं त्याने की तू?

तुझी बडबडी

२४ फेब्रुवारी

तो फुलवाला तोच आहे.

तुला हसण्यापुरतं सांगितलं होतं, आता उरलेलं सांगते. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. एकदा अंघोळ करून येताना मी सहज म्हणाले, "आपल्याला नाही तर नाही, साबणाला तरी पिल्लू झालं." त्याला वाटलं मी त्याला टोमणा मारला. मी कपडे धुवायला पुन्हा आत गेले तेव्हा त्याने न्हाणीघराला बाहेरून कडी घातली आणि कामावर गेला. संध्याकाळी परत आला, कपडे बदलले, चहा स्वतः करून घेतला, मग दाराला तोंड लावून अगदी हळू विचारलं, "आता किती पिल्लं झाली?" मी उत्तर दिलं नाही तर तो चहा घ्यायला निघून जायचा आणि परत येऊन तेच विचारायचा. मी शेवटी एक आकडा सांगितला, तेव्हा कडी निघाली. पुढे ते नेहमीचंच झालं.

तुला ते गोड वाटलं यात तुझा दोष नाही. त्याचं सगळं गोडच वाटतं लोकांना.

मी लपले म्हणून तुला वाईट वाटतं. मला वाटत नाही. तुमच्या कॅमेऱ्यासमोर मी पाठमोरी बसले तरी त्याला माझी पाठ ओळखू येईल.

त्याला उत्तर देऊ नकोस. त्याला हाकलूही नकोस. काहीच करू नकोस.

मावशी

३ मार्च

मावशी,

चार दिवस पत्र लिहायला हात धजावला नाही. पहिल्यांदाच कळलं की मी काय वाचून गोड गोड म्हणत होते. ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. मग तोंड धुताना समोर आमचाच साबण.

तू म्हणालीस तसं मी काहीच केलं नाही. आणि बघ, तो आपणहून नाहीसा झाला! ते फुलाचं खातं बंद झालंय. ना फूल, ना नाव. बहुतेक इतक्या बायका एकत्र बोलताना पाहून घाबरला असेल. असले लोक मनातून भित्रेच असतात. मी हुश्श केलं, तूही कर.

एक कर मात्र. मला त्याचं नाव लिहून पाठव. आई त्याला कायम 'तो'च म्हणायची आणि तूही 'तो'च म्हणतेस. लग्नाचे फोटो आईने जाळले. मी तर चार वर्षांची असताना त्याला पाहिलंय, तेही टेबलाखालून, फक्त बूट. नाव कळलं तर मी इथे नजर ठेवेन.

महिना संपला तरी आमचं हे दुःख संपलेलं नाही, इतकं ते चाललं. मॅडमनी मार्चच्या झाडांना एप्रिलमध्ये ढकललं आणि दुसरा भाग काढला. आता पुरुषांनी बोलायचं. पूर्वी हात उगारायचे, आता सुधारले, असे पुरुष. एक संस्था अशा माणसांना समजावते. ज्यांना बोलायचंय त्यांनी तिच्याकडे यावं असं आम्ही पोस्टवर टाकलंय, त्यातून तीच आम्हाला दोघंतिघं देणार आहे. त्यांची नावं मात्र आम्ही कुणालाच सांगायची नाहीत, मलासुद्धा कळणार नाहीत. तसा करार आहे.

तुझी बडबडी

१० मार्च

बडबडे,

खातं बंद झालं हे वाचून बरं वाटलं. त्या रात्री मी दिवा मालवून झोपले, बऱ्याच दिवसांनी. तू रडलीस ते वाचून वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं. खोटं कशाला सांगू.

नाव मात्र लिहिणार नाही. हट्ट नाही माझा. लिहायला घेतलं होतं, पहिलं अक्षर काढलं आणि कागद फाडला. या खोलीत, या दुकानात, तुझ्या माझ्या पत्रांत ते नाव अजून एकदाही आलेलं नाही. एवढी एक जागा मी स्वच्छ ठेवली आहे. खातं गेलंच आहे तर आता नाव घेऊन करायचंय काय?

इथलं सांगते. चष्मेवाले आता थकले. गुडघे धरतात, काउंटरवर उभं राहवत नाही. परवा म्हणाले, "बाई, आतल्या काचा पुरे झाल्या, बाहेर येऊन बसा. गिऱ्हाइकांना तुमचा स्वभाव आवडेल." मी म्हटलं, माझा स्वभाव तुम्हाला तरी कुठे आवडतो? तर म्हणाले, "सवय झाली." मी विचार करते आहे. काउंटर रस्त्याकडे तोंड करून आहे, मोठी काच आहे, समोरून जाणाऱ्या कुणालाही आतलं सगळं दिसतं. महिन्यापूर्वी मी ऐकूनही घेतलं नसतं. पण मोकळ्या उजेडात बसून काम करावंसं वाटायला लागलंय मला, हे तुला म्हणून सांगते. तुझ्या त्या माहेरी निघून आलेल्या बाईचाही यात थोडा हात असेल.

खोलीला नवा पडदा घेतला. गर्द निळा. दुकानदार म्हणाला विटणार नाही, म्हणजे विटणार.

तुझीच मावशी

१९ मार्च

मावशी,

तू काउंटरवर बसच! मी सुट्टी काढून येते आणि तुझ्याकडून चष्मा करून घेते, नंबर नसला तरी. निळा पडदा म्हणजे तू, जिला आजवर राखाडीशिवाय रंग माहीत नव्हता. मला आनंदाने नाचावंसं वाटलं.

आज इथे शूटिंग आहे आणि दिवे लावेपर्यंत मला वेळ आहे, म्हणून तिथेच कोपऱ्यात बसून लिहिते. संस्थेने पाठवलेल्यांपैकी दोघं ऐन वेळी पळाले. तिसरे आले ते मात्र सोन्यासारखे. नाव कळायचं नाही म्हणून आम्हीच त्यांना शांतकाका म्हणायला लागलो. साठीच्या आतबाहेरचे, कडक इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले. आल्या आल्या सगळ्यांना हात जोडले, दिवेवाल्या पोरांनाही. त्यांची बायको देवाघरी गेली. तिच्याशी वाईट वागलो आणि माफी मागायची राहून गेली, म्हणून आता जगासमोर मागतोय, असं म्हणाले. मला भरून आलं गं. तू म्हणशील ही परत भाळली. पण सगळेच काही त्याच्यासारखे नसतात. बदलतातही माणसं.

बोलतात इतकं हळू की सगळे कामं टाकून पुढे वाकून ऐकतात. मॅडम तर म्हणाल्या, हा आवाज हजार घोषणांना भारी आहे. त्यांनी आमच्या साबणाने हात धुवायचे आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणायचं, 'मी हात धुतले. आता माझ्याच चुकांच्या हात धुऊन मागे लागलोय.' ते वाक्य मीच लिहिलंय. पहिल्या फटक्यात इतकं छान म्हणाले की चित्रवाला डोळे पुसत होता. सोमवारी लागेल ते, बघ कसं धावतं.

आत्ता माझ्या शेजारीच बसलेत, चेहऱ्यावरची पावडर पुसत. मला विचारलं, "या जमान्यात पत्र? कुणाला?" मी म्हटलं, मावशीला. म्हणाले, "भाग्यवान मावशी. घरी आणखी कोण असतं तुझ्या?" मी म्हटलं, आई नाही, मावशीच काय ती. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. वडिलांनी कधी असा ठेवला नव्हता.

मॅडम हाका मारतायत, आवरते. आज पत्र टपालात टाकायला जमणार नाही असं वाटत होतं, पण शांतकाकांचं काम झालंय आणि ते पोस्टावरूनच जाणार आहेत. म्हणाले, "दे इकडे, मी टाकतो." बघ, किती साधी माणसं असतात. तिकीट लावून, पत्ता घालून देतेच त्यांच्या हातात.

तुझी नाचणारी बडबडी

२४ मार्च

बडबडे,

तुझं १९ तारखेचं पत्र काल मिळालं. पाकिटावर तिकीट आहे. तिकिटावर शिक्का नाही.

टपालातून आलेल्या पत्रावर शिक्का असतो. हे पत्र टपालात पडलंच नाही. तुझ्या हातातून ते त्याच्या हातात गेलं आणि त्याच्या हातातून चष्मेवाल्यांच्या. पाकीट उघडून पुन्हा चिकटवलेलंही नाही. त्याला आतलं वाचायचंच नव्हतं. त्याला बाहेरचा पत्ता हवा होता.

मी मागच्या खोलीत होते. काल दुपारी एक गिऱ्हाईक आलं, चष्मेवाल्यांनी त्याचे डोळे तपासले, चौकट पसंत झाली, मापं झाली. मधल्या दारातून मला बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. चष्मेवाल्यांचा आवाज यायचा, गिऱ्हाइकाचा नाही. मला वाटलं, कुणी घसा बसलेला माणूस असेल. तो गेल्यावर चष्मेवाले तुझं पाकीट घेऊन आत आले. "फार सज्जन गृहस्थ. पोस्टमन चुकून त्यांच्याकडे टाकून गेला होता म्हणे, मुद्दाम आणून दिलं." मग कौतुकाने सांगत बसले. त्याने विचारलं होतं, काचा कोण घासतं? हे म्हणाले, आमच्या बाई, त्यांच्यासारखा हात कुणाचा नाही. रोज येतात? रोज, कधी खाडा नाही. कधीपर्यंत असतात? दिवे लागेपर्यंत. चष्मा शुक्रवारी न्यायला येणार आहे. घाई नाही म्हणाला. बाईंना त्यांच्या सवडीने करू द्या म्हणाला.

मग त्यांनी काचांबरोबर नाव लिहिलेला कागद माझ्या टेबलावर ठेवला, आणि वाचून दाखवलं. तुला जे नाव मी लिहिलं नाही ते मी असं ऐकलं. त्याने खोटं नाव दिलं नाही. ते मला कळावं हाच त्याचा हेतू होता. मी तुला ते लिहिलं असतं तरी उपयोग झाला नसता, तुमच्याकडे त्याचं नाव झाकून ठेवण्याचा करार आहे.

त्यानंतर मी तुझं पत्र वाचलं. त्यात माझं मरण वाचलं. माझ्यामागे तो जगाला सांगतोय की मी देवाघरी गेले, आणि तुम्ही सगळे पुढे वाकून ऐकलंत. तू म्हणशील, तेवढं त्याने खोटं सांगितलं. मला तसं वाटत नाही. मला वाटतं त्याने फक्त आधी सांगितलं.

चष्मेवाल्यांना सगळं सांगितलं. ते काठी घेऊन माझ्याबरोबर पोलिसांत आले. तिथल्या साहेबाने विचारलं, त्याने केलं काय? पत्र आणून दिलं. चष्मा करायला टाकला. साहेब म्हणाला, यात गुन्हा कुठला? मग नाव ऐकून त्याने सहज आपल्या फोनवर पाहिलं. नावाने काही मिळालं नाही. मी तुमच्या साबणाचं सांगितलं, तेव्हा मिळालं. तो व्हिडिओ काल लागलाय. साहेबाने तो आम्हाला आवाज मोठा करून दाखवला. मी इतक्या वर्षांनी त्याला पाहिलं ते तिथे, तुमच्या साबणाने हात धुताना. खाली किती जणांनी बदामाची चित्रं टाकलीत! साहेब म्हणाला, "बाई, माणूस पश्चात्ताप करतोय. तुम्हीही थोडं मोठ्या मनाने घ्या."

आता तू काय करायचं ते लिहिते, आणि या वेळी तरी ऐक. त्याच्याशी भांडायला जाऊ नकोस. मॅडमना सांगायचं तर सांग, पण त्या काढतील अशी आशा धरू नकोस. तो तुझ्याशी चांगलाच वागेल, डोक्यावर हात ठेवेल, मिठाई आणेल. तो विचारेल, मावशी कशी आहे. तू म्हणायचं, माहीत नाही. ते खरंच असायला हवं, म्हणजे तुला खोटं बोलावं लागणार नाही. तुला खोटं बोलता येत नाही, हे मला पहिल्यापासून माहीत आहे.

म्हणून मी कुठे जाते आहे ते तुला सांगणार नाही. चष्मेवाल्यांनाही सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही, दुकानातून जाताना फक्त दोन्ही हात धरले. निळा पडदा काढायला वेळ नव्हता, तो खिडकीलाच आहे. खोली शोधत आलाच तर पडदा बघून त्याला वाटेल मी घरात आहे, तेवढा एखादा दिवस मिळाला तर मिळाला.

तुझ्यावर राग नाही असं लिहिणार होते. पण राग आहे. इतका राग मला त्याचाही आला नव्हता, कारण त्याच्याकडून मी काही अपेक्षा ठेवली नव्हती. आणि माया आहे, ती कुठे जाणार. तुझ्या आईच्या माघारी माझं म्हणावं असं तूच होतीस. दोन्ही बरोबर घेऊन निघाले आहे.

हे पत्र मी स्टेशनच्या पेटीत माझ्या हाताने टाकणार आहे. वाचलंस की तू लगेच उत्तर लिहायला बसशील, मी ओळखते तुला. पाकिटावर घालायला पत्ता उरलेला नाही.

मावशी